दऱ्या आणि दर्या

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत अंतर किती? कागदावर म्हणाल तर केसाएवढे. पहिल्यातला र आडव्या कोरीसारखा य ला बिलगतो, दुसऱ्यातला रफार होऊन माथ्यावर बसतो. आचाऱ्यास आणि आचार्यास यांचेही तेच. पण आमंत्रण कोणाला जाते यावर पुष्कळ काही अवलंबून असते! वर्गात हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. मुले हसतात आणि विसरतात.

साताऱ्याचे माझे एक स्नेही मात्र ते आता जन्मात विसरणार नाहीत. हे निवृत्त मास्तर उभी हयात सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवीत हिंडले आणि त्या आठवणी त्यांनी लिहून काढल्या. छपाईचा खर्च झेपेना, तेव्हा भाच्याला हाताशी धरून त्यांनी ई-पुस्तक काढले. पहिली प्रत सांगलीला माझ्याकडे आली. माझ्या जुन्या टॅबवर उघडून पाहतो तो काय, दऱ्यांतला र पायाखाली टिंब घेऊन लंगडत उभा आणि य त्याच्यापासून फटकून! ल आणि श हिंदी वळणाचे. मी तसे कळवले. भाचा मोठा तत्पर. त्याने सरसकट ‘दर्या’ करून टाकले आणि कासच्या पठाराखाली समुद्र पसरला.

मास्तर कळवळून म्हणाले, “अहो, लिहायचे आम्ही, आणि अक्षर कोणाचे? तर वाचणाऱ्याच्या फोनचे!”

बोलणे खरे होते. छापील पुस्तक आपले अक्षर अंगावर घेऊनच जन्माला येते. ई-पुस्तक नुसते वर्णांचे क्रमांक घेऊन घराबाहेर पडते; अंगरखा ज्याच्या त्याच्या यंत्रात असेल तो.

या बाबतीत सांगलीकराला दूर जायला नको. शेजारच्या मिरजेत १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांनी भगवद्गीता छापवून घेतली, ती तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरे कोरून. मूळ खटपट पुण्याला नाना फडणविसांची; १८०० साली नाना वारले आणि कारागीर मिरजेला आला. त्याच १८०५ साली श्रीरामपुरास केरीचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापले गेले. सुटे खिळे सोयीचे खरेच, पण मिरजेच्या पत्र्यातले अक्षर जागचे हलणार नव्हते, हे मला त्याहून मोलाचे वाटते.

आता हेच ई-पुस्तकात करता येते. ई-पब म्हणजे खरे तर एक बांधलेले गाठोडे. त्यात मजकुराबरोबर फाँटची फाइलही ठेवायची, गाठोड्यातल्या यादीत तिची नोंद करायची आणि शैलीपत्रकात तिचे नाव सांगायचे. भाच्याने उत्साहाने लग्नपत्रिकांसाठी विकत घेतलेला फाँट पुढे केला. त्याला थांबवावे लागले. आपल्या संगणकावर वापरण्याचा परवाना म्हणजे पुस्तकातून गावभर वाटण्याचा परवाना नव्हे! अखेर ‘टिरो देवनागरी मराठी’ घेतला. तो खुल्या परवान्याचा, पुस्तकी वळणाचा, आणि त्यातले ल, श जन्मजात मराठी. मजकुराची भाषा मराठी आहे हेही फाइलीत लिहिले. काही फाँट ते वाचूनच मराठी वळण काढतात. मग भाच्याने फाइल हलकी करायला ‘न लागणारी’ अक्षरे गाळली, त्यात जोडाक्षरेच गेली. ती परत आणवली. चार किलोबाइटांसाठी ‘ज्ञानेश्वर’ मोडायचा म्हणजे काय!

तिसरी आवृत्ती निघाली. माझ्या टॅबवर दऱ्या पुन्हा दऱ्या झाल्या. मास्तरांच्या बहिणीच्या फोनवर मात्र नाहीत, कारण वाचकाने आपल्या आवडीचा फाँट निवडून ठेवला असेल तर पुस्तकातल्या फाँटला कोणी विचारीत नाही. मास्तरांनी त्यावरही तोड काढली. पहिल्याच पानावर त्यांनी सूचना घातली: ‘वाचणाऱ्याने प्रकाशकाचा फाँट निवडावा.’ यातला दुसऱ्या कुठल्याही शब्दाऐवजी ‘वाचणाऱ्याने’ त्यांनी मुद्दाम योजला आहे. तोच लंगडताना दिसला, तर यंत्राने अजून ऐकलेले नाही असे समजावे.