शेडमधली चिलापी

उजनीचं बॅकवॉटर आमच्या घरापासून फार लांब नाही. तिथली चिलापी जाळ्याला येते आणि भिगवणच्या बाजारात विकली जाते. तीच चिलापी मी कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये, टाक्या बसवून, कर्ज काढून वाढवायला घेतली. गावानं हसायचं ते हसून घेतलं.

आरएएसमध्ये तेच पाणी स्वच्छ करून पुन्हा टाकीत फिरवतात. विष्ठा आणि उरलेलं खाद्य ड्रम फिल्टर काढतो, ते डोळ्यांना दिसतं. मासे कल्ल्यांतून सोडतात तो अमोनिया दिसत नाही. बायोफिल्टरमधल्या प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशाला बरंच सोसतं, आधीची दोन्ही विषारी. हे दुसरे जिवाणू येतात उशिरा, म्हणून फिल्टर तयार व्हायला चार-सहा आठवडे द्यावे लागतात.

मी बाराव्या दिवशी बोटुकली सोडली. बीजाची गाडी ठरली होती, हप्ताही तोंडावर होता.

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. आधी वाटलं, लाइट गेली. पण ब्लोअर चालू होता, मीटरवर ऑक्सिजन सहा. मी मीटरच बिघडला म्हणून तो झटकत बसलो. अण्णांनी मेलेला एक मासा उचलून कल्ला उघडला. लालभडक हवा तो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. नायट्राइट रक्तात गेलं की पाण्यात ऑक्सिजन असूनही रक्ताला तो वाहून नेता येत नाही.

यावर उपाय मीठच. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. वाण्याला उठवून खडेमिठाची पोती आणली, खाद्य बंद केलं आणि निम्मं पाणी सोडून दिलं. पाणी वाचतं म्हणून कर्ज मागितलं होतं, हे तेव्हा आठवलंच.

दुपारपर्यंत नऊशे मासे बांधाकडेला पुरले. अण्णा मोजत होते, मी वहीत लिहीत होतो. ओरडले नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाले, "विरजण लागायच्या आत ताक घुसळायला बसलास तू."

दुसरी टाकी सुरू करताना पहिल्या फिल्टरातल्या दोन बादल्या चकत्या नव्यात टाकल्या. त्यांना जगवायला रोज मोजून अमोनिया देत होतो. शेवटी आईनं रिकाम्या टाकीत डोकावून विचारलं, "अरे, लाइटबिल येतंय, मासे कुठायत?"