दुधाचे दातही दातच असतात

“दुधाचे दात आहेत, पडणारच. त्यांचं काय एवढं?” अंगणवाडी सेविका म्हणून काम करताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. आंबेगाव तालुक्यातील आमच्या वस्तीतल्या बहुतेक बाया रोजंदारीवर जाणाऱ्या. कुणी कांदा काढायला, कुणी नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला. त्यांना नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पण या एका समजुतीपायी लेकरांना काय सोसावे लागते, ते मी जवळून पाहिले आहे.

आमच्याकडे चार वर्षांची एक मुलगी यायची. खाऊचे ताट पुढे आले की बाजूला सारायची. आई म्हणे, “नखरे करते.” मी तिचा ओठ वर उचलून पाहिला. पुढचे चार दात काळे पडून झिजलेले, दाढेत खड्डा. आठवड्याभरात गाल सुजला, ताप चढला. दाढ काढावी लागली. आईची तीन दिवसांची हजेरी बुडाली, गाडीभाडे आणि औषध वेगळेच. तिचे वजनही दोन महिने वाढले नव्हते. दुखऱ्या तोंडाने लेकरू खाणार कसे आणि झोपणार कसे?

दुधाचे दात २० असतात. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, तिसऱ्या वर्षापर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांपासून पडू लागतात; पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या लवकर गेल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणारा पक्का दात वाकडा येऊ शकतो. शिवाय सहाव्या वर्षी सर्वांत मागे जी दाढ येते, ती पक्कीच असते. ती दुधाची समजून दुर्लक्ष केले तर पुन्हा मिळत नाही.

आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो, पण ही कीड म्हणजे अळी नव्हे. बाजाराच्या दिवशी दातातले किडे काढून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तोंडातले डोळ्यांना न दिसणारे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. गोड खाल्ल्यावर अर्धा तास तरी हा मारा चालतो. मग लाळ हळूहळू दाताची झीज भरून काढते. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे. जेवणाबरोबर एकदा गुळाचा खडा खाणे वेगळे आणि दिवसभर बिस्किट, गोळी, गोड चहा चालू ठेवणे वेगळे.

विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आपल्याच जुन्नर-आंबेगावात. चहा-साखर घरोघरी आहे, आणि आई कामावर गेली की रडणाऱ्या लेकराच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा देणे सोपे. आजीबाईंना माझे सांगणे एवढेच, की त्याऐवजी भाकरीचा तुकडा, उकडलेले अंडे किंवा काकडी द्या. सर्वांत घातक म्हणजे तोंडात गोड दुधाची किंवा चहाची बाटली देऊन निजवणे. झोपेत लाळ कमी होते आणि गोड रात्रभर दातांवर राहते.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू करावा, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी. पेस्ट महाग नको, पण फ्लोराइडची असावी; ट्यूबवर १००० पीपीएम लिहिले आहे का ते पाहावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पुरे. मुलाला थुंकायला शिकवावे, पण चुळा भरभरून पेस्ट सगळी धुऊन टाकू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच दात घासून द्यावेत. राखेने किंवा विटेच्या भुकटीने दात झिजतात. मशेरी तर जाळलेला तंबाखूच. ती लेकराच्या हिरड्यांना कधीच लावू नये.

महिन्यातून एकदा ओठ उचलून उजेडात पाहा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते. तेव्हाच काळजी घेतली तर ती थांबवता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि त्यात दातांचे विकारही येतात. पथक कधी येणार ते सेविकेला विचारा. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका आणि “जरा दातही बघा” असे डॉक्टरांना स्वतः सांगा. तो आपला हक्क आहे. पथक येईपर्यंत आपल्या हातात आहे ते करावे. आज रात्री बाटलीत साधे पाणी भरावे आणि निजण्यापूर्वी लेकराला मांडीवर घेऊन दात घासावेत.