चाळीतील वार्ता

केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनास नवरात्रात गावोगावची माणसे येतात आणि परतताना चार सोयऱ्यांची खबरबात घेऊन जातात. मोठ्या शहरात मात्र शेजारी शेजाऱ्यास ओळखीत नाही, असा त्यांतील कित्येकांचा समज असतो. मुंबईतील परळ-लालबागची जुनी चाळ ज्याने पाहिली आहे, तो असे म्हणणार नाही. लांबलचक गॅलरी, तिच्यावर ओळीने उघडणारी दारे आणि सर्वांत मिळून एक नळ! कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या मुलास नोकरी लागली, कोणाची चूल आज पेटली नाही, हे घागर भरण्यापूर्वीच सर्वांस ठाऊक होई. यास कोणी भोचकपणा म्हणो. परंतु त्या न पेटलेल्या चुलीच्या दारी झाकलेले ताट घेऊन एखादी शेजारीण उभी राही, हेही तितकेच खरे.

भयाच्या दिवसांत मात्र हीच वार्ता निराळे रूप धारण करी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. आर्थर रोडवरील रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, रोग्यांना मुद्दाम मारतात, अशी कुजबुज गिरणगावात पसरली. ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणीकामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. घराघरांतून आजारी माणसे लपविली जाऊ लागली आणि रोगास आयतेच रान मिळाले.

त्याच सुमारास भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकीन प्लेगची लस सिद्ध करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी, दुसऱ्या कोणास देण्यापूर्वी, त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली.