कच्चा रस्ता कुणाला हवाय?

मित्रांनो, आज थोडं मोठं लिहितोय. पनवेलकरांनी तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यात माझी एक चूकही कबूल करायची आहे.

गेली काही वर्षं दर रविवारी मी सायकल घेऊन निघतो. आधी साधी रोडबाइक होती. मग ग्रॅव्हल बाइक घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हँडल रेसिंग सायकलसारखं वळलेलं, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास. खडी, मुरूम, बैलगाडीची वाट, सगळीकडे चालते. परदेशात यासाठी जंगलातले रस्ते शोधत शेकडो किलोमीटर जातात. आपल्याला एवढं लांब जावं लागत नाही. सुकापूर ओलांडलं, नेरे मागे पडलं की समोर माथेरानचा डोंगर उभा.

माझा लाडका रूट गाढी नदीच्या खोऱ्यातला. पनवेल, नेरे, वाजे, मालडुंगे, धोदाणी. जाऊन वीसेक किलोमीटर. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण त्याला फुटणाऱ्या वाटांवर खरी मजा. उजव्या हाताला प्रबळगड आणि कलावंतीण, मध्येच एखादा वहाळ, पलीकडे ठाकरांची वाडी, भाताची खाचरं. वाटेत देहरंगचं धरण, ज्याचं पाणी पनवेल नगरपालिकेच्या काळापासून पितंय. आपल्या नळाचं पाणी कुठून येतं हे मला वयाच्या चाळिशीत सायकलवरून कळलं!

दुसरा रूट पाताळगंगेचा. पळस्पे, शिरढोण (वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, तिथे पाच मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये), मग कर्नाळ्याच्या जंगलाच्या कडेने आपटा आणि रसायनी. ही नदी मे महिन्यातही वाहते. खोपोलीच्या वीजकेंद्रातून टर्बाइन फिरवून सुटणारं पाणी तिच्यात येतं, म्हणून. कर्नाळ्यापाशी हायवेवर फार जपून, ट्रक कुणाला ओळखत नाहीत.

आता चुकीकडे येतो.

मागच्या उन्हाळ्यात गाढीच्या खोऱ्यातल्या माझ्या आवडत्या एका वाटेवर खडीचे ढीग दिसले. वाडीपर्यंत काँक्रीट होणार असं कळलं. मी घरी आलो आणि तावातावाने पोस्ट टाकली. ‘शेवटचा कच्चा रस्ताही गिळला’, ‘विकासाच्या नावाखाली सिमेंट’, वगैरे वगैरे. भरपूर लाइक्स आले. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तर निवेदन द्यायचं ठरायला लागलं.

पुढच्या रविवारी त्याच वाडीत पाणी मागायला थांबलो. एक आजी नेहमी तांब्या भरून देतात. मी सहज म्हटलं, “आजी, हा रस्ता असाच बरा होता ना?”

त्यांनी माझ्या सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “तुमाला बरा हाय. माझी सून पावसात अडली तवा चौघांनी झोळीत घालून खाली नेली. गाडी खालीच उभी. तवा तुमी याल का खांदा द्यायला?”

पाणी प्यायलो. काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतंच काय?

परत येताना डोक्यात इर्शाळवाडी होती. 19 जुलै 2023 ची रात्र. आपल्या शेजारच्याच खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं मिळालीच नाहीत. वर रस्ता नव्हता, म्हणून मशीन नेता आली नाहीत. बचावाची माणसं पावसात, चिखलातून, पायी चढली आणि हातांनी ढिगारा उपसत राहिली. रस्ता असता तर दरड थांबली नसती, हे मलाही कळतं. पण मी ज्या वाटेला ‘ॲडव्हेंचर’ म्हणतो ती कुणाची तरी दवाखान्याची वाट असते, हे मला दिसलंच नव्हतं.

ती पोस्ट मी काढून टाकली. पण नुसती काढून उपयोग नाही, म्हणून हे लिहितोय.

मग सगळीकडे काँक्रीट ओता, असं म्हणतोय का? नाही. वाडीपर्यंतचा रस्ता पक्का व्हायलाच हवा, आणि तो करताना वहाळावर मोऱ्या नीट हव्यात, नाहीतर पहिल्या पावसात रस्ताही जातो आणि शेतही. पण नदीकाठच्या, बांधावरच्या, शिवेवरच्या जुन्या वाटा हा वेगळा विषय आहे. त्या पक्क्या होत नाहीयेत, त्या बंद होतायत. जमीन विकली जाते, फार्महाऊस येतं, भिंत येते, गेट येतं. एका ठिकाणी तर नदीवर गुरं नेण्याचीच वाट अडलेली मी पाहिली. गुराखी लांबून वळसा घालून जात होता. मी सायकल वळवून दुसरीकडे गेलो, त्याला ती सोय नाही.

पनवेलच्या पश्चिमेला काय झालं ते आपण पाहिलंय. विमानतळासाठी टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं. विमानतळ हवा की नको हा वाद आता संपला. पण त्याच्यामुळे जमिनीचे भाव पूर्वेला, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढलेत. माथेरानभोवती 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तो कागदावर आहे. भिंती जमिनीवर आहेत.

कायदा आहे बरं का. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर शेतकरी तहसीलदारांकडे दाद मागू शकतो, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143, त्यात बांधावरून वाट मागता येते. हा हक्क कसणाऱ्याचा आहे, आपल्यासारख्या रविवारच्या सायकलवाल्याचा नाही. पण आपल्याकडे फोन आहेत, फोटो आहेत, जीपीएसवर तारखेसकट वर्षानुवर्षांचे ट्रॅक आहेत. अमुक तारखेपर्यंत वाट उघडी होती, हे दाखवायला ते कामाला येतील. अर्ज त्यांनी करायचा, आपण सोबत उभं राहायचं.

म्हणून सायकलवाल्या मित्रांना तीन विनंत्या:

एक, गाढी-पाताळगंगेच्या खोऱ्यातल्या तुम्ही वापरलेल्या वाटा आणि आता बंद झालेल्या वाटा मला कळवा. एकत्र यादी करू आणि ग्रामपंचायतींना देऊ.

दोन, पावसात भाताच्या बांधावरून सायकल घालू नका. बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं. आणि गाढेश्वर परिसरात पोलिसांची बंदी असते तेव्हा ती पाळा, दरवर्षी तिथे पोरं बुडतात.

तीन, वाडीत फक्त पाणी मागायला थांबू नका. दोन गोष्टी विचारा. मी विचारायला फार उशीर केला.

येत्या रविवारी सकाळी सहाला वडाळे तलावापाशी भेटू. नेऱ्याच्या बाजूला जाऊ. त्या वाडीचा रस्ता आता झालाय. चढ सोपा झालाय, हे मान्य करायला थोडं जड जातंय, पण झालाय. आजींकडे थांबायचं आहे, नातू बघायचा आहे.

नेरे, वाजे, मालडुंग्याकडच्या लोकांनी मी काही चुकीचं लिहिलं असेल तर खाली जरूर सांगा. राग मानणार नाही.