मागचा

आमच्या जीपला चार चाकं आणि चार ब्रेक, पण ब्रेक म्हटलं की घरात सगळ्यांना पुढचे दोनच आठवतात. ते बोलके आहेत. लायनर झिजलं की किंचाळतात, एकाला पाणी लागलं की गाडी त्याच्या जोडीदाराच्या अंगाला ओढतात, स्टिअरिंग हातातून हिसकावून घेतात. मागचा गडी तसा नाही. पंगतीत शेवटी बसणारा, आमटी संपली असेल तर ताकभात खाऊन मुकाट हात धुणारा. तो दुखणं सांगत नाही. दुखणं वाढतं आणि एक दिवस भलत्या ठिकाणी कळतं.

मुळात त्याला जन्मतःच कमी माप मिळालेलं आहे. विलीजच्या घराण्यातल्या या जुन्या जीपांत पुढच्या ब्रेकच्या सिलिंडरचा व्यास एक इंच, मागच्याचा पाऊण. फरक पाव इंचाचा दिसतो, पण जोर ठरतो क्षेत्रफळावर. म्हणजे पायाखालचा दाब तोच असून मागच्याच्या वाट्याला पुढच्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त जोर येतो. यात अन्याय नाही. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त आवळलं तर ते जागीच जाम होतं आणि मागचं अंग फिरून पुढे यायला बघतं. तेव्हा मागच्याने बेताबेताने धरायचं, पुढच्यांच्या आधी नाही, हे कागदावरच ठरलेलं.

हे घराणं आपल्याकडे १९४९ साली रुजलं. अमेरिकेतून सुटे भाग आणून मुंबईत माझगावला महिंद्रांनी पहिल्या जीपा जोडल्या. आमची त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली सीजे थ्री बी. आत उंच इंजिन बसवायचं म्हणून बॉनेट उंच केलेली, त्यामुळे सदा मान ताठ धरलेल्या मास्तरणीसारखी दिसणारी. अण्णांनी ती १९८४ साली लिलावात घेतली. तेव्हापासून ती कलमांच्या बागेत खत चढवते आणि आंबा उतरवते. बाग आणि घर यांच्या मध्ये एक व्हाळ आहे, आणि व्हाळातून घराकडे येणारा चढ असा की चालतानाही माणूस गुडघ्यावर हात ठेवतो.

मे महिन्यात त्याच चढावर मागचा पहिल्यांदा बोलला. जीपमध्ये आंब्याच्या पेट्या भरलेल्या, समोर अचानक गाय आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि मग हळूच मागे घसरायला लागली. पाय पार फळीपर्यंत दाबलेला, तरी घसरतेच आहे. पाच-सहा हात गेल्यावर मी हँडब्रेक ओढला तेव्हा ती थरथरून उभी राहिली. बरोबरच्या गड्याने उडी मारून चाकामागे चिरा सरकवला.

सपाटीवर आणि उतारावर महिनोन्‌महिने नीट थांबणारी गाडी चढावर का घसरली, याचा विचार मी त्या रात्री अंथरुणात केला. चढावर वजन मागच्या चाकांवर येतं. त्यातून गाडी मागे घसरू लागली की मागचा हाच पुढचा होतो! ज्याला आयुष्यभर निम्म्या शिध्यावर ठेवलं, त्याच्याच खांद्यावर तिथे सगळी पालखी. आणि आमचा मागचा गडी तर आजारीच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी मोठ्या ऐटीत हँडब्रेक ओढला आणि मागचं उजवं चाक जॅकवर घेऊ लागलो. काल त्यानेच वाचवलं होतं ना. तेवढ्यात मिस्त्रीमामा फाटकातून ओरडले, "मेल्या, आधी दगड लाव! हांडब्रेक चाकाक धरना नाय, शाफ्टाक धरता. एक चाक उचललंस की दुसरा मोकळा."

खरंच तसं आहे. या जीपचा हँडब्रेक चाकांत नसतोच. गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम असतो. शाफ्ट जाम झाला तरी एक चाक हवेत असलं की डिफ्रन्शल दुसऱ्याला फिरू देतं आणि गाडी जॅकवरून चालू पडते. चढावर दोन्ही चाकं जमिनीवर होती म्हणून मी वाचलो. मी निमूट चारी बाजूंनी चिरे लावले.

मग ड्रम काढायचा. पुढचा ड्रम सुटतो तसा हा सुटत नाही. ॲक्सलचं टोक निमुळतं, त्यावर हब घट्ट बसलेला, मध्ये लोखंडाची चपटी चावी. मामांनी स्प्लिट पिन काढली, मोठा नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. दोन-चार आटे ठेवून दिले. हब सुटताना तोफेच्या गोळ्यासारखा येतो, तो नटाने अडवायचा. पुलर लावला, आवळला, घणाने टोला दिला. काही नाही. पुन्हा आवळला. काही नाही. "ऱ्हवांदे रातभर," म्हणून मामा चहा पिऊन निघून गेले. मागच्याचा हा स्वभाव मला आवडला. ओढून तो येत नाही, ताण देऊन वाट बघायची. पहाटे तीनच्या सुमारास अंगणात धाडकन आवाज झाला आणि कुत्री भुंकायला लागली. घरात सगळे दचकून उठले; मी तेवढा कूस बदलून झोपलो.

सकाळी ड्रम उतरवला तेव्हा आधी वास आला, गिअर ऑइलचा तो गंधकासारखा कुजका वास. ॲक्सलचं ऑइल सील ओलांडून थेट ब्रेकच्या लायनरवर आलं होतं. लायनर काळंकुळकुळीत, बोट लावलं तर बुळबुळीत. असल्या लायनरने काय धरावं? मामांनी तोंडाने फुंकर मारून धूळ उडवायला गाल फुगवले, तेवढ्यात मी ओलं फडकं पुढे केलं. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जाऊ नये. मामा हसले, पण फडकं घेतलं.

डाव्या बाजूचं दुखणं निराळंच निघालं. तिथे लायनर कोरडं, पण सिलिंडरमधला एक पिस्टन गंजून बसलेला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आमच्या खाऱ्या हवेत ओलीला काय तोटा. डॉट थ्री ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १४० च्या आसपासच उकळायला लागतं. मी ते किती वर्षांत बदललं नव्हतं, हे इथे लिहीत नाही. अण्णा वाचतील.

लायनर, सील, रबरी बकेटांचं किट, ऑइल, सगळं नवं आणलं. सिलिंडर धुवायला माझा हात डिझेलच्या डब्याकडे गेला, तर मामांनी त्यावर चापट मारली. डिझेलने ती रबरं फुगतात. धुवायचं ते ब्रेक ऑइलनेच. शू बसवताना लांब लायनरचा पुढच्या अंगाला, आखूड लायनरचा मागच्या. गाडी पुढे जात असताना फिरता ड्रम पुढच्या शूला आणखी आत ओढतो, म्हणून जास्त काम त्याचं. गाडी उलटी निघाली की हे काम आखडून बसलेल्या आखूड भावाकडे जातं. म्हणजे व्हाळाच्या चढावर मी भरवसा ठेवला होता तो मागच्यातल्याही मागच्यावर.

शेवटी हवा काढायची. सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे डाव्या मागच्यापासून. मी पेडलवर, मामा चाकाशी. "मार. मार. मार. धर!" मग निपल सैल, नळीतून बाटलीत बुडबुडे. निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत येते. असं चाळीस वेळा तरी झालं असेल. या जीपला एकच मास्टर सिलिंडर, एकच वाट. मागच्या कोपऱ्यात एक बुडबुडा राहिला तरी चारही ब्रेक भुसभुशीत, आणि मागची नळी फुटली तर पुढचे बोलके गडीही जागच्या जागी मुके.

पण सील गेलं कसं, हे माझ्या डोक्यातून जाईना. मामा जीपखाली आडवे झाले, ॲक्सलवरचा ब्रीदर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीएवढी ती नळी, आत वाळलेली लाल माती. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते, ती या भोकातून बाहेर पडायची. भोक बंद, म्हणून तिने सीलमधून वाट काढली आणि येताना ऑइलही आणलं. "कुंभारणीन घर बांधल्यान," मामा म्हणाले. एक कुंभारमाशी, तिचं बोटभर मातीचं घर, आणि त्यापायी आम्ही आंब्यांसकट व्हाळात जाणार होतो.

संध्याकाळी रिकामी जीप त्याच चढावर नेली, मधोमध उभी केली आणि फक्त पायाने धरून ठेवली. मामा खाली उतरून मागच्या चाकाकडे बघत बिडी ओढत राहिले. बिडी संपेपर्यंत चाक इंचभर हललं नाही.

तुमच्या दारात अशी जुनी जीप असेल तर पावसाआधी तिच्याखाली एकदा आडवे व्हा, मागच्या ॲक्सलवरचा ब्रीदर काढा आणि फुंकून बघा. हवा आरपार गेली पाहिजे.