पकवान मागितलं आणि पुरी आली!

बदलापूरहून मुंबईची लोकल धरली की पहिलं अंबरनाथ आणि मग लगेच उल्हासनगर. दोनच स्टेशनांचा प्रवास! आपल्यातल्या कितीतरी जणी लग्नाच्या बस्त्यापासून पडद्यांच्या कापडापर्यंत सगळं तिथूनच आणतात. मीही गेली चाळीस वर्षं आणते आहे. घासाघीस करायची ती हिंदीत, पिशव्या भरल्या की परत गाडी. तिथं बसून चार घास खावेत असं कधी मनातच आलं नाही. तुमच्या तरी आलं का, खरं सांगा!

मागच्या रविवारी मात्र सकाळी सकाळीच भूक लागली. एका छोट्या हॉटेलाच्या पाटीवर 'दाल पकवान' वाचलं. आपलं पक्वान्न म्हणजे श्रीखंड, जिलबी. म्हटलं, डाळीचं आहे म्हणजे पुरणासारखं काहीतरी गोड असणार. आणि आली काय, तर ताटलीएवढी कडक मैद्याची पुरी, शेजारी मऊ शिजलेली हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि चिरलेला कांदा! माझा चेहरा बघून गल्ल्यावरच्या बाई खुदकन हसल्या. पंचाहत्तरीला टेकलेल्या असतील. पुरी मोडून डाळीत बुडवायची कशी, ते त्यांनीच दाखवलं.

मग म्हटलं, पाणी तरी तुमच्या भाषेत मागते, शिकवा मला. तर म्हणाल्या, "पाणीच म्हणा की!" खरंच हो, सिंधीतही 'पाणी', आपल्यासारखाच ठसठशीत 'ण'. 'पाणी डियो' म्हणजे पाणी द्या. आपलं 'आहे' तिकडंही 'आहे'च, भाऊ तो भाऊच. बटाटा झाला 'पटाटो'. मी आपली चाळीस वर्षं 'पानी, पानी' करत होते!

पण फार ऐटीत राहू नका, फसगतही होते. चहा म्हणजे 'चांहिं'. दोन हवे असतील तर 'ब चांहिं डियो' म्हणायचं. हा 'ब' श्वास आत ओढल्यासारखा म्हणतात. मला काही जमला नाही. चहा करताना बाईंनी विचारलं, 'खीरु वधीक?' मी घाईघाईनं म्हटलं, नको नको, गोड पुरे! खीरु म्हणजे दूध, बरं का. साखरेला 'खंडु', ती कमी हवी तर 'खंडु घटि'. मीठ म्हणजे 'लूणु', आणि 'मिठो' म्हणजे गोड. आवडलं तर 'डाढो सुठो' म्हणावं, आणि उठताना 'घणा पैसा थिया?' एवढ्यावर निभावतं.

दुपारी गेलात तर कढी-चावल मागा. त्या कढीत ताक नसतं, डाळीचं पीठ तेलात भाजून चिंचेच्या पाण्यात उकळतात, आत शेवगा नि भेंडी. ताकाच्या कढीवर वाढलेल्या जिभेला पहिला घोट चमत्कारिक लागतो, दुसऱ्यापासून नाही.

बाईंचा जन्म इथल्याच बराकीतला. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, उल्हास नदीवरून. कॅम्प नंबर एक ते पाच अजून लोकांच्या तोंडी आहेत. सिंधीला मात्र स्वतःचं राज्य मिळालं नाही, घटनेच्या आठव्या अनुसूचीत यायलाही १९६७ साल उजाडलं. बाई हे काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नातवाविषयी. "मी सिंधीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. समजतं त्याला सगळं, पण जीभ वळत नाही." तेवढ्यात नातू चहा घेऊन आला. मी त्याच्याकडं बघून माझं मोडकंतोडकं 'डाढो सुठो' म्हटलं. पोरगा लाजला, आजी डोळे पुसत हसली.

बाईंना काय म्हणायचं तेही विचारून घेतलं. 'दादी'. आजी नव्हे हं, सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण. निघताना दादींनी भाजलेला पापड आणि पाणी पुढं केलं. घरी आलेल्याला तसं द्यायची त्यांच्यात रीत आहे.

येत्या रविवारी जाऊबाईंना घेऊन जाते आहे, पकवान संपायच्या आत पोचायचं म्हणून सकाळच्या गाडीनं. डाळीच्या पुरीचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.