तारेचं टोक

पुण्याजवळच्या मुळशीत दातांच्या तारेचा हिशेब अंतरापासून सुरू होतो. भूगाव, पिरंगुटला दातांचे दवाखाने आता पुष्कळ झालेत, पण दात सरळ करणारे, म्हणजे आमच्याकडचे ‘तारवाले’ डॉक्टर, छोट्या दवाखान्यांत ठरलेल्या दिवशीच येतात. कोळवणच्या किंवा ताम्हिणीकडच्या मुलीला एकदा तार बसली, की पुढचे चार-सहा आठवडे ती, तिची तार आणि पाऊस. म्हणून तारवाल्यांच्या ट्रेमधल्या हत्यारांकडे मी एकाच प्रश्नाने बघते: डॉक्टर निघून गेल्यावर या पोरीचं काय?

भाचीला तार बसवली तेव्हा जवळ उभं राहून सगळं पाहिलं. गाल ओढून धरणारी प्लॅस्टिकची कड बसली, दात कोरडे केले, आणि प्रत्येक दातावर फॉस्फोरिक आम्लाच्या निळ्या जेलचा ठिपका पडला. अर्ध्या मिनिटाने पाण्याने धुतलं, हवा मारली, तर चकाकणारा दात खडूसारखा पांढरट. तिचे बाबा पिरंगुटच्या एका कारखान्यात पेंट शॉपला आहेत. ते लगेच म्हणाले, “आम्ही पण रंग धरायला पत्र्याला आधी हेच करतो.” आणि ते अगदी खरं होतं. १९५५ साली मायकल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने धातूवर रंग टिकावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात हे पाहूनच ते दातावर लावून बघितलं होतं. आज ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, दाताला चिकटतो तो त्या कल्पनेच्या जोरावर.

ब्रॅकेट उचलायचा चिमटा उलट्या चालीचा असतो: दाबला की उघडतो, सोडला की धरतो. बोट सैल पडलं तरी ब्रॅकेट घशाकडे सुटत नाही. हा विचार ज्या कुणी केला असेल त्याला माझा नमस्कार! मग दाताच्या कडेपासूनची उंची मोजायची बारीक पट्टी, ब्रॅकेटखालून बाहेर आलेलं चिकटवायचं सिमेंट काढायची सुई, ते पक्कं करणारा निळा दिवा. ब्रॅकेटच्या मधोमध जी खाच असते तिची रुंदी बहुधा ०.०२२ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त.

त्या खाचेतून सुरुवातीला जाते निकेल-टायटॅनियमची तार. हा मिश्रधातू १९५९च्या सुमाराला अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती लागला आणि १९७०च्या दशकात जॉर्ज अँड्रियासन यांनी तो दातांकडे आणला. वेड्यावाकड्या दातांत अडकवली की ही तार वाकते, आणि मग आठवडेच्या आठवडे आपल्या मूळ आकाराकडे ओढत राहते. जोर हलकाच, पण सतत. दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. पौडच्या पलीकडे राहणाऱ्यांसाठी ही तार फार मोलाची, कारण दोन भेटींच्या मधलं काम ती एकटी करते.

आणि शेवटी ते हत्यार, ज्याच्यावर माझा खरा जीव आहे: डिस्टल एंड कटर. सगळ्यात मागच्या दाढेच्या नळीतून बाहेर आलेलं तारेचं टोक कापायचं, तेही पार आत, गालाला खेटून. साध्या कटरने तुकडा उडून घशात जाईल. हा कटर तार तोडतो आणि तुटलेला तुकडा आपल्याच जबड्यात घट्ट धरून ठेवतो. टोक मिलिमीटरभर जास्त राहिलं, तर शहरातली मुलगी संध्याकाळी परत येऊन कापून घेते. इकडच्या मुलीला डबीतलं मेण त्यावर लावून, गाल सोलवटत, पुढच्या वारीपर्यंत दिवस काढावे लागतात. डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक होतं. दोन्हीकडची टोकं कापून झाल्यावर त्यांनी स्वतः बोट फिरवून बघितलं, मग तिला म्हणाले, “आता तू जीभ लावून बघ. घाई नाही. हस, जांभई दे, गाल फुगव.”

तिने सगळं केलं. “डावीकडं काय नाही. उजवीकडं जरासं लागतंय.”

त्यांनी पुन्हा कटर उचलला.